मुद्दाम हरू नका



सुट्टीत नातवंडं आली की घरोघरी बुद्धिबळाचा पट निघतो. मग नात हिरमुसू नये म्हणून आपण आज्या मुद्दाम वजीर मारू देतो आणि हरतो. माझ्या मते हे लाड नव्हेत, यात मुलीचं नुकसान आहे.

नागपूरची दिव्या देशमुख आठवा. जुलै 2025 मध्ये जॉर्जियातल्या बातुमी इथे महिलांच्या विश्वचषकात तिचं मानांकन होतं पंधरावं. अंतिम फेरीत समोर कोनेरू हंपी. दिव्या जन्मली 2005 साली, हंपी 2002 मध्येच ग्रँडमास्टर झालेली. पहिले दोन डाव बरोबरीत सुटले, जलद डावांतला पहिलाही. दुसरा जलद डाव दिव्याने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. विश्वचषक मिळाला आणि ग्रँडमास्टर किताबही! हंपीने तिला एकही डाव सोडला नव्हता, म्हणूनच त्या विजयाला किंमत आहे.

मी कॉमर्सची, त्यामुळे या खेळातला गुणांचा जमाखर्च मला फार आवडतो. दोघांत 200 गुणांचं अंतर असेल, तर बलवान खेळाडूला जिंकून साधारण 5 गुण मिळतात, दुबळ्याला जिंकून 15. दुबळा हरला तरी त्याचे जातात फक्त 5. म्हणजे मोठ्याशी खेळण्यात तोटा थोडा, शिकायला मात्र भरपूर.

आपल्या मुलींना ही संधी सहज मिळाली नाही. मुंबईची रोहिणी खाडिलकर 1976 मध्ये, तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा केवढा गदारोळ झाला! प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. तेव्हा जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूव्ह यांनी ठरवून दिलं की स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही. ज्या हक्कासाठी एवढं भांडावं लागलं, तो घरातल्या पटावर आपणच का काढून घ्यायचा?

कुणी म्हणेल, सारखं हरून पोर खेळणंच सोडेल. खरं आहे. त्याला सोपा उपाय आहे. आपला वजीर किंवा हत्ती सुरुवातीलाच, तिला सांगून, पटाबाहेर ठेवा आणि मग मनापासून खेळा. ती जिंकली तर ते तिचं स्वतःचं असेल. पुढच्या खेपेला तीच म्हणेल, "आजी, आता वजीर ठेव पटावर."