बर्फावरची काठी

अलास्कातल्या युपिक वस्तीत एक वडीलधारा गोठलेल्या नदीवर काठी टोचत पुढे जातो, मागून पोरं. बर्फ वजन पेलेल की नाही, हे हाताला कळावं लागतं. 'कुंगासविक' उपक्रमातल्या अशा धड्यांचा उघड हेतू आहे: तरुणांना आत्महत्येपासून आणि दारूपासून वाचवणं.

संस्कृती टिकली तर तरुण वाचतात, याच्या जवळ जाणारा पुरावा कॅनडात सापडतो. मायकेल चँडलर आणि ख्रिस्तोफर लालोंड यांनी ब्रिटिश कोलंबियातल्या सुमारे २०० आदिवासी समुदायांच्या १९८७ ते १९९२ मधल्या नोंदी तपासल्या. निम्म्याहून अधिक समुदायांत एकाही तरुणाची आत्महत्या नव्हती. स्वशासन, जमिनीच्या हक्काचा लढा, शिक्षण, आरोग्य, पोलीस-अग्निशमन यांवर समुदायाचं नियंत्रण आणि सांस्कृतिक केंद्र या सांस्कृतिक सातत्याच्या सहाही खुणा जिथे होत्या, तिथे आकडा शून्य होता.

त्यांच्याच २००७च्या एका अभ्यासात भाषाही मोजली गेली. बहुसंख्य लोक आपल्या भाषेत संवाद साधू शकत, तिथे तरुणांच्या आत्महत्यांचं प्रमाण नगण्य होतं.

संस्कृती म्हणजे औषधाची गोळी नव्हे. समुपदेशक आणि दवाखाना लागतोच. पण तुटलेलं नातंही सांधावं लागतं: कॅनडात आदिवासी मुलांसाठीच्या निवासी शाळांत याच भाषा बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होई. त्यातली शेवटची शाळा बंद झाली १९९०च्या दशकात. तिथे शिकलेली अनेक माणसं आज आजी-आजोबा आहेत, आणि काहीजण नातवंडांसोबत तीच भाषा नव्याने गिरवताहेत.