विश्लेषण : केसगळतीवर ‘रामबाण’ तेल की फक्त वेळ?

डेंग्यूचा ताप उतरून दोन-तीन महिने झाले की अनेकांच्या कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागतात. घाबरलेला रुग्ण आधी मोबाइल उघडतो. तेथे कांद्याचा रस, रोझमेरीचे तेल, बायोटिनच्या गोळ्या आणि ‘आधी-नंतर’ची छायाचित्रे तयारच असतात.

उपाय लागू पडला असे का वाटते?

रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. तीव्र ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा झपाट्याने घटलेले वजन यांमुळे अनेक केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. याला ‘टेलोजन एफ्लुव्हियम’ म्हणतात. मूळ कारण दूर झाले की साधारण सहा महिन्यांत ही गळती बहुधा आपोआप थांबते. त्या काळात जे तेल लावले, श्रेय त्याला जाते. व्हिडीओ करणारा खोटेच बोलतो असे नाही. त्याचा अनुभव खरा, पण निष्कर्ष चुकीचा असू शकतो.

मग धोका कोठे?

प्रत्येक केसगळती अशी नसते. तिच्यामागे थायरॉइडचा विकार, लोहाची कमतरता किंवा चाईसारखा आजार असू शकतो. काही प्रकारांत व्रण राहून केसांची मुळेच नष्ट होतात. तेथे घरगुती उपायांत गेलेले महिने परत मिळत नाहीत. बायोटिनची मोठी मात्रा तर थायरॉइडच्या तपासणीचाच निकाल चुकवू शकते.

कायदा काय सांगतो?

औषध नियम, १९४५ च्या परिशिष्ट ‘जे’मध्ये टक्कल आहे. म्हणजे औषधाने ते बरे करण्याचा दावा करता येत नाही. तरीही असे दावे रोज रीलमधून फिरतात.

उपाय काय?

‘मोबाइल पाहू नका’ हा सल्ला व्यर्थ आहे. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर आधी गळती वाढू शकते आणि फरक दिसायला चार-सहा महिने लागतात, हे अनेकांना इतर रुग्णांकडूनच कळते. दवाखान्यात ‘किरकोळ आहे’ म्हणून बोळवण झाली की लोक तिकडे वळणारच. डॉक्टरांनी ‘काय लावले, काय घेतले?’ हे न रागावता विचारावे. रुग्णानेही तेल मागवण्याआधी आठवावे : तीन महिन्यांपूर्वी मला काय झाले होते?