हळदीचं कुंकू

करमाळा तालुक्यातलं केम कुंकवासाठी महाराष्ट्रभर माहीत आहे. कुंकू मुळात हळदीचं. हळदीला चुन्यासारखा खार लागला की ती लाल होते, एवढीच त्यातली किमया. घरातल्या बायकांना हे सांगावं लागत नाही. आमटीचा डाग पडलेला सदरा साबणानं घासला की डाग लाल होतो, लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. मग हळद बदलली म्हणायची, की नुसता रंग?

माणसाच्या स्वभावाचा वादही इथंच अडतो. पारावर उत्तर तयार असतं: जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. ही म्हण अनुभवातून आलीय, ती मोडीत काढायची मला घाई नाही. माळ घालून दारू सोडलेला आणि पुढच्याच बाजाराला गुत्त्यावर सापडलेला माणूस कोणत्या गावात नाही?

पण हीच म्हण सरकारनं कायद्यात घातली तेव्हा काय झालं, ते आपल्याच सोलापूर जिल्ह्यानं पाहिलंय. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जातीच्या जाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. पुढं सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. त्या भागाला लोक अजून ‘सेटलमेंट’च म्हणतात. गुन्हा रक्तातच आहे म्हणून तारेआड घातलं, आणि घालताना नाव दिलं सुधारणेचं! ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला. संशय मात्र रद्द झाला नाही. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ हे आत्मकथन वाचलेल्यांना ते वेगळं सांगायला नको.

उलटा प्रयोगही फार लांब झाला नाही. सांगोल्याला लागून असलेल्या आटपाडीजवळ, औंध संस्थानात, १९३९ साली स्वतंत्रपूर वसलं. संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांचं पाठबळ आणि मॉरिस फ्रीडमन यांची कल्पना. शिक्षा झालेले कैदी तिथं तटबंदीशिवाय राहू लागले, शेती करू लागले. व्ही. शांतारामांचा १९५७ चा सिनेमा ‘दो आंखें बारह हाथ’ त्यावरूनच सुचलेला.

सिनेमानं डोळे पाणावतात, म्हणून पुरावा पक्का होत नाही. खुल्या वसाहतीत घेतात ते चांगल्या वर्तणुकीचे कैदी, म्हणजे निवड आधीच झालेली. शिवाय बांधाच्या भांडणात एकदाच कोयता उचललेला आणि सराईत दरोडेखोर यांना एका मापानं मोजता येत नाही. पहिल्याचा स्वभाव सुधारला म्हणताना तो मुळात बिघडला होता का, हेही विचारावं लागतं.

तरी माझं पारडं स्वतंत्रपूरकडं झुकतं. राग, हाव, भीती आतून जात असतील असं मला वाटत नाही. पण राखायला पीक असलं, आणि पळणार नाही असा कुणाचा तरी भरवसा असला, की तोच माणूस वेगळा वागतो. सरकारच्या हातात तेवढंच आहे. बाकीचं आपल्याकडं. शिक्षा भोगून आलेला कामाला उभा राहिला, तर ‘काय येतं तुला?’ हे आपण नंतर विचारतो. आधी विचारतो, ‘कुणाचा रे तू?’