सातबाऱ्यावरचं नाव

पुण्यात २०११ पासून निघणाऱ्या प्राइड मोर्चात मीही चाललो. पाट्यांवर समलिंगी जोडप्यांसाठी लग्नाचा हक्क मागितला होता. गावी कळलं तसे लोक विचारू लागले, "तुझं काय अडलंय तिथं?" अडलंय! जेजुरीला पोरींची लग्नं खंडोबाशी लावून त्यांना मुरळ्या केलं, तेव्हा त्यांना कुणी विचारलं नव्हतं. संस्कृती बुडाली नाही. आता दोन शहाणी माणसं राजीखुशीनं लग्न मागतात, तर बुडते? सर्वोच्च न्यायालयानं १७ ऑक्टोबर २०२३ ला प्रश्न संसदेवर सोडला. तोवर तीस वर्षं एकत्र नांदलेल्यांतला एक गेला आणि मृत्युपत्र नसलं, की सातबाऱ्यावर पुतण्याचं नाव चढतं, जोडीदार उंबऱ्याबाहेर. वीतभर बांधासाठी कोर्टकचेऱ्या करणाऱ्या माझ्या गावाला हक्क म्हणजे काय, हे मी सांगायला नको.