उभी चिरणी आणि अश्वशक्ती

संपादक महोदय,


घरगुती सुतारकामात जाड लाकूड उभे चिरून पातळ फळ्या पाडण्यासाठी बँडसॉ घेताना केवळ मोटारीची अश्वशक्ती पाहावी, असा जो निर्वाळा मागील अंकातील पत्रलेखकांनी दिला आहे, तो अर्धसत्य आहे, हे नम्रपणे नमूद करणे भाग आहे. मोटार दुबळी असल्यास पाते सागात अडते, हे कबूल. परंतु सांगाडा लेचापेचा असून पात्यास पुरेसा ताण देता येत नसेल, तर पाते लाकडाच्या पोटात वाकते आणि एक फळी मधोमध फुगीर, तर दुसरी खोलगट निघते, याचा प्रत्यय जुन्या तुळईचा ८ इंची तुकडा चिरताना मी स्वतः घेतला आहे.

शिवाय १४ इंची चाकांच्या बिडाच्या यंत्रात बहुधा ६ इंच उंचीचेच लाकूड मावते. खांबात जोडतुकडा बसविल्यास ती मर्यादा सुमारे १२ इंचांवर जाते. पाते अर्धा इंच रुंद आणि इंचास ३ दात्यांचे असावे. दाट दात्यांत भुसा कोंडून पाते तापते व भरकटते.

सबब, खरेदीदाराने प्रथम उंची, नंतर सांगाडा व ताण आणि अखेरीस अश्वशक्ती तपासावी, ही विनंती.

आपला,
एक हौशी सुतार