दोनशे अँपिअरचं थोतांड

आमच्या इंदिरानगरच्या घराच्या फाटकाची बिजागरी तुटली. एका बिजागरीसाठी अंबडहून कुणी फॅब्रिकेशनवाला येईना (येतो म्हणाले तिघं, आला एकही नाही). म्हटलं चला, छोटं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आणू आणि रविवारी आपणच करू.

शेजारचे काका म्हणाले, "घरात वेल्डिंग? अख्ख्या गल्लीचे दिवे मिचमिचतील!" काकांचं चूक नाही. त्यांनी बघितलंय ते दोन फेजवर चालणारं, दोघांनी उचलायचं धूड. इन्व्हर्टर मशीन विजेचं आधी डीसी करतं आणि मग ते सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतं, म्हणून आतला ट्रान्सफॉर्मर लहानसा पुरतो. मशीन एका हाताने उचलता येतं.

दुकानदार दुसऱ्या टोकाला. "साहेब, २०० अँपिअर! घरच्या प्लगवर बिनधास्त चालवा."

आता हिशोब करा ना राव. २०० हा आकडा रॉडकडे जाणाऱ्या करंटचा आहे, भिंतीतून येणाऱ्या नव्हे. २०० अँपिअरला आर्क साधारण २८ व्होल्टचा, म्हणजे ५६०० वॅट. कार्यक्षमता ८० टक्के आणि पॉवर फॅक्टर ०.७ धरला, तर २३० व्होल्टवर भिंतीतून ४३ अँपिअर हवेत. आपला मोठा प्लग १६ चा! उलट अडीच मिलिमीटरचा रॉड ८० अँपिअरवर मस्त चालतो, आणि त्याच हिशोबाने भिंतीतून लागतात १४ च्या आसपास. बसतं की. बिजागरीला आणखी काय हवंय? म्हणजे घरी वेल्डिंग होतं, पण खोक्यावरच्या आकड्याचं नाही.

पण माझा खरा राग इलेक्ट्रिशियनवर आहे. आधी मी मशीन बाहेरच्या साध्या प्लगच्या लाइनवर लावलं होतं (मूर्खपणा माझा). एमसीबी दोनदा पडला. हा म्हणतो, "३२ चा टाकून देतो, कटकट मिटेल." अरे बाबा, एमसीबी मशीनसाठी नसतो, भिंतीतल्या वायरसाठी असतो! वायर तीच ठेवून एमसीबी वाढवला तर पडायचं थांबतं ते फक्त संरक्षण. जळेल ती वायर, तीही प्लास्टरच्या आत, जिथे कुणाला दिसणार नाही. आणि असं "कटकट मिटवणं" आपल्याकडे घरोघर चालतं.

एक्स्टेन्शनचंही तेच. ०.७५ ची वायर, २० मीटर, जाऊन-येऊन एक ओहम. १४ अँपिअरला तिच्यातच २०० वॅट उष्णता. ती गुंडाळी न सोडता वापरणारे महाभाग मी पाहिलेत. अडीचची वायर घेतली तर हेच ६० वॅटवर येतं.

अजून एक. मशीनच्या क्लॅम्पला सगळे 'अर्थ' म्हणतात, म्हणून काहींना वाटतं की तिसरी पिन नसली तरी चालेल. तो क्लॅम्प म्हणजे वेल्डिंगच्या करंटची परतीची वाट. मशीनच्या पत्र्यात करंट उतरला तर तो तुम्हाला वाचवणार नाही. वाचवणार घराचं अर्थिंग, म्हणजे ती तिसरी पिनच.

शेवटी अडीचची वायर असलेल्या गिझरच्या १६ अँपिअर पॉइंटवरून काम केलं, गिझर बंद ठेवून. काकांचे दिवे मिचमिचले नाहीत. वेल्ड मात्र शेणाच्या गोवरीसारखा दिसतोय, त्यात मशीनचा काही दोष नाही.