विश्लेषण : जुन्या विंडोजच्या पेनड्राइव्हमध्येच ‘अपडेट’ कसे भरतात? त्याची गरज काय?

विंडोज ७ चा पाठिंबा १४ जानेवारी २०२० रोजी थांबला. विंडोज १० चा नियमित पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तरीही वजनकाट्याला जोडलेला संगणक, जुना प्रिंटर, डोंगलवर चालणारे मराठी टंकलेखनाचे सॉफ्टवेअर किंवा कारखान्यातील एखादे यंत्र यांच्यापायी अनेकांना जुनी विंडोज सोडता येत नाही. असा संगणक बिघडला, की खरी अडचण सुरू होते.

नेमकी अडचण काय?

समजा, दौंड तालुक्यातील कासुर्डीत झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानातील संगणकाची हार्डडिस्क गेली. नवी डिस्क बसवून जुन्या सीडीतून विंडोज ७ टाकली. सीडीवरची विंडोज फार तर फेब्रुवारी २०११ मध्ये आलेल्या ‘सर्व्हिस पॅक १’पर्यंतची. म्हणजे त्यानंतर सापडलेली सुरक्षेची सारी भगदाडे पुन्हा उघडी! बरे, इंटरनेट जोडून अपडेट घ्यावेत तर तेही होत नाही. मायक्रोसॉफ्टने अपडेटवरची डिजिटल सही ‘शा-१’ऐवजी ‘शा-२’ पद्धतीने करायला सुरुवात केली आणि ऑगस्ट २०२० मध्ये जुनी सेवा बंद केली. कोऱ्या विंडोज ७ ला ही नवी सही ओळखताच येत नाही.

यावर उपाय कोणता?

अपडेट नंतर टाकण्याऐवजी विंडोजच्या मूळ फाइलमध्येच मिसळायचे. याला ‘स्लिपस्ट्रीमिंग’ म्हणतात. विंडोज एक्सपीच्या काळात सर्व्हिस पॅक सीडीत मिसळण्यासाठी हेच करत. विंडोज व्हिस्टापासून सगळी विंडोज ‘इन्स्टॉल.विम’ नावाच्या एका फाइलमध्ये असते. मायक्रोसॉफ्टच्याच ‘डिझम’ या साधनाने ती फाइल उघडता येते, त्यात अपडेट घालता येतात आणि ती पुन्हा बंद करता येते. हे काम विंडोज १० च्या संगणकावरही होते.

क्रम का महत्त्वाचा?

आधी अपडेट बसवणारी यंत्रणा सुधारावी लागते (केबी ४४९०६२८). मग ‘शा-२’ ओळखणारे अपडेट (केबी ४४७४४१९). त्यानंतर २०१६ मध्ये आलेला एकत्रित संच (केबी ३१२५५७४) आणि शेवटी जानेवारी २०२० चा मासिक संच (केबी ४५३४३१०). क्रम चुकला तर पुढचे अपडेट नाकारले जाते. एका फाइलमध्ये होम, प्रोफेशनल अशा अनेक आवृत्त्या असतात. जी वापरायची, तिच्यातच अपडेट घातले ना, हे तपासावे.

आणखी एक मेख आहे. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३.० चे ड्रायव्हर नाहीत. त्यामुळे अनेक नव्या मदरबोर्डवर इन्स्टॉल सुरू होताच कीबोर्ड-माऊस बंद पडतात. म्हणून हे ड्रायव्हर ‘इन्स्टॉल.विम’सोबत ‘बूट.विम’मध्येही घालावे लागतात.

अपडेट नसल्याने खरेच नुकसान होते?

१४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एक गंभीर भगदाड बुजवणारे अपडेट दिले. ज्यांनी ते घेतले नव्हते, ते १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’च्या तडाख्यात सापडले. हल्ला इतका मोठा होता, की पाठिंबा संपलेल्या एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टला अपडेट काढावे लागले. जूनअखेरीस आलेल्या ‘नॉटपेट्या’नेही हेच भगदाड वापरले. त्यात मर्स्क समूहाची यंत्रणा कोलमडली आणि न्हावाशेवा येथील जेएनपीटी बंदरात या समूहाकडील टर्मिनलचे काम विस्कळीत झाले.

मग तयार आयएसओ फाइल का नको?

‘नॉटपेट्या’चा शिरकाव युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच झाला होता. म्हणजे अपडेट असणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते कुठून आले हेही. कुणीतरी ‘सगळे अपडेट घातलेली’ म्हणून दिलेली फाइल आतून कशी आहे, हे कळायला मार्ग नाही. मूळ सीडी आपली, अपडेट मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगवरचे आणि मिसळणारे आपण, असे असेल तरच भरवसा ठेवता येतो. परवाना मात्र लागतोच.

एवढे केल्याने संगणक सुरक्षित होतो?

नाही. जानेवारी २०२० नंतर सापडलेली भगदाडे या पेनड्राइव्हने बुजत नाहीत. त्यामुळे असा संगणक त्या एकाच कामापुरता, शक्यतो इंटरनेटविना वापरावा. बँकेचे व्यवहार, आधार-सातबाराची कामे दुसऱ्या संगणकावर करावीत.

विंडोज १० वापरणाऱ्यांनी काय करावे?

घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, मात्र त्यासाठी नोंदणी करावी लागते. विंडोज १० चे मासिक अपडेट मागचे सारे सोबत घेऊन येते, त्यामुळे मिसळण्याचे काम विंडोज ७ पेक्षा सोपे आहे. ज्यांना ती ठेवावीच लागणार आहे, त्यांनी संगणक चालू आहे तोवरच असा पेनड्राइव्ह करून, दुसऱ्या डिस्कवर एकदा इन्स्टॉल करून पाहावा. ऐन कामाच्या दिवशी हार्डडिस्क गेल्यावर हे सारे शोधत बसायला वेळ नसतो.